पुढची सीट

वडापच्या जीपमध्ये माणसं कितीही कोंबा, सीट खरी एकच असते: ड्रायव्हरच्या शेजारची. बाकीचे बसलेले नसतात, भरलेले असतात. हणमंत काळेल यांनी म्हसवड-आटपाडी रस्त्यावर उभी हयात वडाप चालवलं आणि त्या एका सीटच्या जोरावर पंचक्रोशीतली निम्मी लग्नं जुळवली, तीन-चार वेळेत मोडली. ती सीट ते पैशाला देत नसत. सरपंच मागे चेंगरून बसलाय आणि पुढे एखादी बोलघेवडी म्हातारी मांडीवर कोंबडी घेऊन ऐसपैस, हे त्यांच्या गाडीतलं नेहमीचं दृश्य. "गाडी डिझेलवर चालती, ड्रायव्हर गप्पांवर," हा त्यांचा सिद्धांत.

त्या सीटचं आणखी एक गुपित होतं, ते फक्त घरच्यांना ठाऊक. हणमंतआबांना समोरासमोर बोलता येत नसे. म्हणजे चेष्टा, शिव्या, राजकारण सगळं यायचं. पण मनातलं काही असलं आणि समोर माणूस बसला, की शब्द घशातच राहायचा. नजर आढ्याकडे जायची आणि आबा पत्रे मोजायला लागायचे. त्यांना माणूस शेजारी लागायचा. दोघांचीही तोंडं रस्त्याकडे, हातात गिअर, मग वाट्टेल ते. शालनबाई आपल्याला आवडल्या, हे त्यांनी लग्नानंतर दीड वर्षानं गोंदवल्याच्या फाट्यावर तिसरा गिअर टाकता टाकता सांगितलं. बाईंनी खिडकीबाहेर बघत "बरं" म्हटलं, आणि तो त्यांच्या संसारातला सगळ्यात बोलका दिवस ठरला. एकुलत्या एका लेकीला, प्रांजलला, "विमान शिकायचं म्हणतीस तर शीक, भावकीला मी बघून घेतो," हेही त्याच सीटवर सांगितलं गेलं.

लेक शिकली. तोवर दिवसही तसे आले होते. बॅटऱ्या हलक्या झाल्या, मोटारींचा आवाज मवाळ झाला आणि तालुक्या-तालुक्याच्या माळावर आखूड धावपट्ट्या पडल्या. सहा माणसांचं विमान, एक पायलट, पाच उतारू. म्हसवडच्या माळावरून कोल्हापूर, सांगली, पुणे. कंपनीनं पाटीवर काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव रंगवलं होतं. लोकांनी पहिल्याच दिवशी त्याला 'हवाई वडाप' म्हणून टाकलं. आणि वडाप म्हटल्यावर वडापचे कायदे आले. पुढच्या सीटवरून भांडणं. ऐन उड्डाणात पायलटच्या हातावर खोबरं-साखर. "ताई, खाली दिसतंय ते आमचं शेततळं का हो?" "मॅडम, लग्न झालंय का तुमचं? न्हाई, भाच्यासाठी इचारलं."

मोठ्या विमानात पायलटच्या खोलीला दार असतं, आत दोघं असतात, आणि चढता-उतरताना कामाखेरीज अवाक्षर काढायचं नाही असा जुना नियम असतो. छोट्या विमानात दार कुठलं? पायलटचं कोपर उतारूच्या बरगडीला लागतं. दोन-तीन वर्षांत अपघात झाले. विमानं मोडकी नव्हती, हवा वाईट नव्हती. एक पायलट चाकं न सोडताच पोटावर उतरला, कारण नेमक्या त्या घडीला मागच्या पाव्हण्यानं त्याचं मूळ गाव विचारलं होतं. दुसऱ्या एका धावपट्टीवर चार माणसं गेली.

यामागचं शास्त्र साधं आहे. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. परका गलका मेंदू बाजूला सारू शकतो. पण आपलं नाव किंवा आपल्या माणसाचा आवाज आला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात डोक्यात विजेची एक लाट उठते. ती मुद्दाम उठवावी लागत नाही आणि दाबू म्हटलं तर दबत नाही. तेवढ्यात हातातलं काम मेंदूच्या फळीवरून खाली पडतं. ते उचलून परत जागेवर ठेवायला वेळ जातो, आणि कधी कधी माणूस उचलायचंच विसरतो. चाकं सोडायची राहतात ती अशी. आवाज जितका जवळच्या माणसाचा, तितकी लाट मोठी.

यावर यंत्र निघालं. नाव 'एकाग्र'. हेडफोनच्या पट्टीतून कपाळाला आणि कानामागे टेकणाऱ्या चकत्या ती लाट मोजायच्या, समोरचा कॅमेरा बुबुळ बघायचा. कुठला आवाज पायलटला किती ओढतो ते यंत्र शिकायचं, आणि विमान खाली असलं किंवा काम जास्त असलं की तो आवाज त्याच्या कानापर्यंत येऊच द्यायचं नाही. विमानात सगळे हेडफोन लावूनच बोलत, त्यामुळे मधे असं न दिसणारं दार बसवणं सोपं होतं. पायलट मंडळी यंत्राला 'सासू' म्हणत. डोळ्यांत बघते, मनातलं ओळखते आणि माहेरचा फोन लागू देत नाही.

पहिल्या सासूत एक खोट होती. उतारू रुसायचे. आपण इतकं विचारतोय आणि बाई ढिम्म बोलत नाही म्हटल्यावर ते पायलटचा खांदाच हलवायचे, म्हणजे आगीतून फुफाट्यात. म्हणून दुसरी आवृत्ती आली. ती अडवलेल्या माणसाला पायलटच्याच आवाजात उत्तर द्यायची. पायलट उतारूंशी कसा बोलतो ते महिनाभर ऐकून ती आवाज आणि लकब उचलायची. "हो का?" "छानच की." "अगदी खरं आहे." कंपनीच्या वकिलांनी मात्र तिला बजावून ठेवलं होतं, की कुणाला वचन द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, कुणाचं बोलणं खोडायचं नाही. कुणी 'धूर' म्हटलं, 'दुखतंय' म्हटलं, किंचाळलं, तर दार त्याच क्षणी उघडायचं. पायलटसमोर एक हिरवा दिवा असायचा. तो लागला की समजायचं, आपण कुणाशी तरी बोलतोय.

हे सगळं तिकिटावर छापलेलं होतं. तिकिटावरचं वाचणारा माणूस माणदेशात अजून जन्मायचाय.

अपघात थांबले. हे जमेच्या बाजूला आधीच लिहून ठेवायला हवं, कारण यापुढचं सगळं नावे पडणार आहे.

आबा पहिल्यांदा लेकीच्या विमानात बसले ते अर्थातच पुढच्या सीटवर. ज्यानं ती सीट आरक्षित केली होती, त्या कडेगावच्या गुरुजींना त्यांनी गप्पांत गुंडाळून मागे धाडलं. बापाचा आवाज सगळ्यात जास्त ओढणारा, त्यामुळे सांगलीपर्यंत जाताना आणि येताना प्रांजलसमोरचा हिरवा दिवा वर उंचावरही विझलाच नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला आबांचे हात दिसत. तलाव दाखवणारे, कुणाची तरी नक्कल करणारे. ऐकू मात्र टॉवरचं येत होतं आणि मोटारींची घरघर.

संध्याकाळी घरी आबा जमिनीपासून वीतभर वर चालत होते.

"शालन, आज लई बोलली गं पोरगी."

"ही?" शालनबाईंनी लेकीकडे बघितलं.

"व्हय. पण विमानात बसली की पुस्तकातलं बोलती. 'हो आबा. अगदी खरं आहे, आबा.' टोपी घातल्याचा गुण असावा."

"घरात तर फाडून खाती," आई म्हणाली.

ते खोटं नव्हतं. प्रांजलचं बापाशी बोलणं म्हणजे झापणं. बिडी कुठून आली, लोणचं कुणी वाढलं, गोळी का राहिली. आबांना ते मनापासून आवडायचं. "आमच्या घरात कलेक्टरीण हाय" असं ते अख्ख्या बाजारात सांगत. झापणं ही त्या दोघांची बोली होती, आणि ज्यांच्यात अशी बोली असते त्यांना दुसरी शिकायची गरज वाटत नाही.

प्रांजल चहात बिस्किट बुडवत बसली होती. आत्ताच सांगावं, की आबा, ती मी नव्हते. तिनं आबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. असला चेहरा तिनं त्यांचा, ती परीक्षा पास झाली तेव्हाही बघितला नव्हता. बिस्किट तुटून चहात पडलं.

"काय गं, बोल की आता घरातबी पुस्तकातलं," आबा म्हणाले.

"गप बसा. साखर किती घातली चहात?"

"ही बघ. आली परत."

तिघंही हसले, आणि सांगायचं राहिलं ते राहिलं. मग आबा आठवड्याला एक चक्कर मारू लागले. कधी नुसतं सांगलीला जाऊन भडंग घेऊन यायचे. आई म्हणायची, विमानात जाऊन आले की माणूस दोन दिवस टवटवीत असतो. प्रांजलनं मनाशी मांडून बघितलं: बाप खूश, मागची माणसं सुखरूप, आपल्या डोक्याला ताप नाही. यात तोटा कुणाचा? असा प्रश्न माणूस स्वतःला विचारतो तेव्हा तोटा हटकून त्याचाच असतो. फक्त तो उशिरा कळतो.

दिवाळीनंतर आबा जिना चढताना थांबू लागले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी छातीवरून यंत्र फिरवलं आणि सांगितलं, हृदयाची एक झडप आखडून दगडासारखी झालीय. बदलावी लागेल. चार दिवस दवाखान्यात, मग माणूस ठणठणीत. नाही बदलली तर भरवसा नाही, चालता-बोलता जाल. या आठवड्यातच या.

आबा "बघू" म्हणाले. माणदेशात 'बघू' म्हणजे नाही.

शालनबाईंनी लेकीला फोन केला. "तू सांग त्यास्नी. माझं ऐकत न्हाईत. तुझ्याबिगर कुणाचं ऐकणार न्हाईत."

"दे त्यांना फोन."

पलीकडे फोन हातातून हातात गेला, श्वास ऐकू आला, मग आबांचा आवाज. "हां बोल. हवा कशी हाय पुण्यात?"

"आबा, हवा मरू दे. ऑपरेशनचं काय?"

"पत्र्यावर माकडं आल्यात बघ. थांब, हाकलून येतो." आणि फोन परत आईकडे.

आई हळू आवाजात म्हणाली, "शुक्रवारी तपासायला येतो म्हणालेत कोल्हापूरला. तुझ्याच विमानानं."

बस्स, प्रांजलला तेवढं पुरे होतं. एकदा डॉक्टरांच्या दारात नेऊन उभं केलं की चारचौघांत असं झापायचं, की म्हातारा निमूट पलंगावर चढला पाहिजे. तिनं वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली. तिकडे म्हसवडला आबांनी बायकोला वेगळंच सांगितलं होतं, ते प्रांजलला फार उशिरा कळलं. "शुक्रवारी पुढच्या सीटवर बसून तिलाच विचारतो. ती म्हणंल तसं." लेक जमिनीवर बोलायचं म्हणून विमानात गप्प, आणि बाप विमानात बोलायचं म्हणून जमिनीवर गप्प.

शुक्रवारी वारा होता. माण सोडल्यापासून विमान टांग्यासारखं हिसके खात होतं. मागे चौघं उतारू. त्यातल्या एका बाईनं पिशवी पोटाशी धरून डोळे मिटून घेतले होते. आबा आपले निवांत. घाटात गाडी चालवलेल्या माणसाला हिसक्यांचं काय?

विट्याच्या पुढे जरा शांत पट्टा लागला. हिरवा दिवा लागलेला होता. एरवी अशा उंचीवर बटण दाबलं की दार उघडता यायचं, शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. प्रांजलनं अंगठा बटणावर ठेवलासुद्धा. मग मनात आलं, आता बोलणं काढलं की आपण भडकणार, आबा माकडं हाकलणार, आणि पुढे कोल्हापूरला आडवा वारा आहे. उतरल्यावरच बघू. तिनं अंगठा काढून घेतला.

कोल्हापूर टॉवरनं पुढे मोठं विमान उतरतंय म्हणून तिला फेरी मारायला लावली. मोठ्या विमानामागची हवा भोवऱ्यासारखी गरगरत असते; छोटं विमान त्यात सापडलं तर उलटंच व्हायचं. तिनं अंतर ठेवलं, फेरी मारली, नाक वाऱ्याकडे तिरकं धरून खाली येऊ लागली. याच वेळी आबांनी तिच्याकडे तोंड वळवलं. हे तिला नंतर आठवलं: बोलताना कधी शेजारच्याकडे न बघणाऱ्या आबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग पुन्हा समोर बघून काहीतरी म्हणाले. तिनं चाकं सोडली. ती खाली आल्याचे तीन दिवे लागले. अगदी शेवटी नाक सरळ केलं, एक चाक टेकलं, मग दुसरं. मागच्या बाईनं डोळे उघडले.

मोटारी थांबल्या, हेडफोन निघाले. आबांनी समोरच्या काचेखाली थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

"ग्वाड उतरवलंस."

"बरं वाटतंय न्हवं, आबा?"

"लई. बोललं की हलकं वाटतं."

"मग ते ऑपरेशनचं..."

"झालं की आपलं बोलणं. आता डॉक्टरला मीच सांगतो. तू जा, तुझी माणसं खोळंबल्यात."

त्यांचा चेहरा इतका निवळलेला होता की प्रांजलला वाटलं, म्हातारा स्वतःहूनच तयार झाला. जुळवून ठेवलेली वाक्यं तिनं गिळली.

"उद्या येते मी."

"ये. वाट बघतो," आबा म्हणाले, आणि रिक्षात पुढे, ड्रायव्हरला खेटून बसले.

संध्याकाळी तिनं पुण्याहून आईला विचारलं, "झाले का ऍडमिट?"

"न्हाईत. यष्टीनं घरी आल्यात. भाकरी खाय बसल्यात."

"काय? फोन दे त्यांना! आत्ताच्या आत्ता दे!"

"जेवू दे त्यास्नी," आई म्हणाली. आवाज असा कोरडा, की प्रांजलला वाटलं रेंज गेली. फोन बंदच झाला होता. ठीक आहे, तिनं ठरवलं, सकाळची पहिली फेरी म्हसवडचीच आहे. उद्या घरात, समोर उभं राहून. पत्रे मोजू देत नाही की माकडं हाकलू देत नाही.

सकाळी ती पुण्याहून निघाली तेव्हा आबा अंगणात तोंड धूत होते. म्हसवडच्या माळावर उतरली तेव्हा नव्हते. चुलतभावानं मधल्या वेळात केलेला फोन सासूनं विमान थांबेपर्यंत धरून ठेवला होता. विमानात पाच माणसं होती. नियमानं ते बरोबरच होतं.

दिवस झाले, पाहुणे पांगले. शालनबाई लेकीशी बोलत नव्हत्या. आधी प्रांजलला वाटलं, दुःख आहे. पण आई शेजारणीशी बोलत होती, दारात आलेल्या भंगारवाल्याशी बोलत होती. लेक समोर आली की ताट वाढायची आणि निघून जायची. शेवटी एकदा प्रांजलनं ताट बाजूला सारलं.

"आई, माझं काय चुकलं ते तरी सांग."

"तुझं कशाला चुकंल? त्यांनी इचारलं, तू सांगितलंस."

"काय सांगितलं?"

"'तुम्हाला बरं वाटेल तसं करा.'" शालनबाईंनी ते वाक्य तसंच्या तसं, पुस्तकातल्यासारखं म्हटलं. "त्या रातीला भाकरी खाताना सांगत हुते. पोरगी म्हणली, तुम्हाला बरं वाटेल तसं करा. मला घरात बरं वाटतं, म्हणून आलो."

प्रांजल ताटावरून उठली आणि धावपट्टीकडे निघाली.

धावपट्टीवरच्या पत्र्याच्या कचेरीत जमीर मुल्ला बसायचा. सुरक्षेचं काम त्याच्याकडे होतं. अडवलेलं सगळं बोलणं आणि त्याला दिलेली उत्तरं यंत्रात साठवलेली असत. तिनं मागितल्यावर त्यानं मान हलवली.

"ऐकू नको, प्रांजल. ऐकलंस तर पुढचे कित्येक दिवस सासू तुला उडू देणार नाही. तुझ्या डोक्यातलं तिला दिसतं."

"लाव."

त्यानं लावलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

आधी मोटारींचा आवाज. मग आबा.

"प्रांजे, ऐकतीस न्हवं?"

"हो आबा, बोला ना." तिचाच आवाज. तिच्यापेक्षा दोन आणे गोड.

"न्हाई, कामात असशील तर ऱ्हाऊ दे."

"नाही आबा. बोला."

"तो डॉक्टर म्हणतोय झडप बदलू. मला कापाकापीचं काय न्हाई गं. ती भूल देत्यात ना, त्याचं वाईट वाटतंय. ड्रायव्हर माणूस मी. जल्मात कधी दुसऱ्याच्या हातात गाडी दिली न्हाई. आन् आता झोपा म्हणत्यात." आबा हसले. "हे तुझ्या आईम्होरं बोलता येत न्हाई. ती लगीच डोळ्याला पदर लावती."

"समजू शकते, आबा."

"तर मी म्हणलं, तुलाच इचारावं. तू कर म्हण, उतरून सरळ पलंगावर जाऊन पडतो. तू नको म्हण, घरी जातो. तू म्हणशील तसं."

जरा थांबणं. यंत्राला उत्तर द्यायला वेळ लागत नाही. माणसासारखं वाटावं म्हणून तेवढी जागा सोडलेली असते.

"तुम्हाला बरं वाटेल तसं करा, आबा."

आता नुसता वारा. त्यात दुसऱ्या कुठल्याशा मार्गावरून तिचा खरा आवाज येत होता, टॉवरला सांगणारा: धावपट्टी दिसतेय, वारा डावीकडून, उतरतेय. एकाच क्षणी दोन प्रांजल बोलत होत्या, आणि तिसरी पत्र्याच्या कचेरीत बसून ऐकत होती. मग आबा, अगदी हळू.

"मला वाटलं हुतं, तू वरडशील."

"नाही आबा. मी कशाला ओरडेन?"

"व्हय. तेबी खरंय." आणि थोड्या वेळानं, "मोठी झालीस आता."

"थँक्यू, आबा."

चाकं टेकल्याचा धक्का. पुढे काही नव्हतं.

जमीर आत आला तेव्हा ती खुर्चीतच होती. त्यानं न विचारता सांगायला सुरुवात केली. सांगण्याखेरीज त्याच्या हातात तरी काय होतं? 'दुखतंय' असं त्यांनी कुठं म्हटलं नाही. हसत बोलत होते. यंत्राला त्यात धोका दिसला नाही. आणि तो आवाज त्या वेळी आत सोडला असता तर तुझ्या डोक्यात केवढी लाट उठली असती त्याचा अंदाज हा बघ. त्यानं पडद्यावरची रेघ दाखवली. रेघ पडद्याच्या वर निघून गेली होती.

"चाकं राहिली असती माझी?"

"ते कोण सांगणार? वारा आडवा होता. मागं चार माणसं होती."

तिनं मान हलवली. आपल्या घरी परतलेली ती चार माणसं तिला खोडता येत नव्हती. यंत्राची चूक कुठंच नव्हती. कुणाला झापावं?

घरी शालनबाई सुपात शेंगा घेऊन फोडत बसल्या होत्या. प्रांजल समोर बसली आणि तिनंही मूठभर शेंगा ओढल्या. रस्ताभर तिचं एकच चाललं होतं. गप्प राहिलं तर आईचा राग आपल्यावर राहील, पण निदान एवढं तरी उभं राहील की आबांनी लेकीला विचारलं आणि लेकीनं उत्तर दिलं. खरं सांगितलं तर आपण सुटू, आणि आबांनी ते सगळं कुणालाच विचारलं नव्हतं असं होईल. म्हसवडच्या वेशीपर्यंत तिनं गप्प राहायचं ठरवलं होतं.

इतक्या दिवसांनी आईनंच आपणहून तोंड उघडलं.

"वरडली का न्हाईस गं त्यांच्यावर?" त्यात राग नव्हता. "एरवी चिमटीभर मिठासाठी घर डोक्यावर घेतीस. त्या दिशी वरडली असतीस तर ऐकलं असतं त्यांनी. वाट बघत हुते गं. निघताना मला म्हणले, बघ आता कशी झापती."

प्रांजलच्या बोटांतली शेंग चिरडली.

"आई, ती मी नव्हते."

"आवाज तुझा हुता. त्यास्नी लेकीचा आवाज कळंना व्हय?"

"आवाज माझाच होता. बोलत होतं ते यंत्र. उतरताना माणसाचं बोलणं आम्हाला ऐकू येऊ देत नाहीत. माझ्या जागी तेच उत्तर देतं."

शालनबाईंनी सूप खाली ठेवलं. हे त्या सावकाश, एकेक पायरी उतरावी तसं समजून घेत होत्या.

"म्हंजे त्यांनी इचारलं ते तुला ऐकूच गेलं न्हाई."

"नाही."

"आन् दर खेपंला येऊन सांगायचे, आज पोरगी असं बोलली, आज तसं बोलली. ते?"

"तेही."

चुलीवरचं पाणी उकळून झाकण वाजायला लागलं. उठायचं दोघींनाही सुचलं नाही. शालनबाई लेकीकडे बघत होत्या, आणि प्रांजलची नजर आढ्याकडे, पत्र्यांकडे चालली होती.

"मग तू कुठं हुतीस?" आईनं विचारलं.

"तिथंच होते, आई. शेजारी."